एकच वाक्य शंभर वेळा

निवडणुकीचा हंगाम आला म्हणजे पळस्पे फाट्यापासून कोलाडपर्यंतच्या प्रवासात एक गोष्ट नजरेतून सुटू म्हटल्याने सुटत नाही. पेणच्या भिंतीवर जे नाव आणि जे वाक्य वाचावे, तेच वडखळच्या नाक्यावर, तेच नागोठण्यात आणि तेच रोह्याच्या बाजारपेठेत. रिक्षावर बांधलेल्या कर्ण्यातून तेच कानी पडते, आणि कानांवर हात ठेवावेत तर खिशातल्या मोबाइलवर तेच उमटते. चार दिवसांत शाळकरी पोरे ते वाक्य चालीवर म्हणू लागतात. आमच्या सुशिक्षित वाचकाला हा प्रकार पाहून हसू येते. "असल्या घोकंपट्टीने का कुठे मते मिळतात?" असा त्याचा प्रश्न असतो. मिळतात, असे त्याला आमचे उत्तर आहे. परंतु ती कशी मिळतात, केव्हा मिळतात आणि मिळाल्यानंतर पुढे काय होते, याचा विचार करावयाचा तर त्याला पेण-रोह्याइतका बोधप्रद मुलूख दुसरा सापडणार नाही.

पुनरुक्तीचे सामर्थ्य आम्हां मराठी माणसांना परक्यांनी शिकवावे अशी स्थिती नाही. पाढे आम्ही म्हणून म्हणूनच शिकलो आणि नामस्मरणाचा महिमा तर आमच्या घराघरांत आहे. परंतु जप आणि प्रचार यांत एक मूलगामी भेद आहे. जप करणारा स्वतःला बांधून घेण्यासाठी तेच नाम पुन्हा पुन्हा घेतो. प्रचार करणारा दुसऱ्याला बांधण्यासाठी तेच वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारतो. रोमचा वृद्ध केटो सभागृहात विषय कोणताही असो, कार्थेज नष्ट झाले पाहिजे असे सांगूनच भाषण संपवीत असे, अशी आख्यायिका आहे. तो इ. स. पूर्व १४९ मध्ये वारला आणि पुढे तीनच वर्षांत कार्थेजची राखरांगोळी झाली. एक वाक्य किती दूर जाऊ शकते याचे हे उदाहरण आहे. ते योग्य दिशेनेच जाते असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

अलीकडच्या मानसशास्त्राने या जुन्या अनुभवाला प्रयोगाचा आधार दिला आहे. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांपुढे काही विधाने ठेवली. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने असे तीनदा केले. त्यांपैकी काही विधाने तिन्ही वेळा तीच होती, बाकीची दर वेळी नवी. जी विधाने पुन्हा पुन्हा पुढे आली ती विद्यार्थ्यांना उत्तरोत्तर अधिक खरी वाटू लागली. त्यांत खोटी विधाने होती, आणि त्यांनाही पुनरुक्तीचा हाच लाभ मिळाला. कारण सोपे आहे. ओळखीचे वाक्य मनाला समजून घेण्यास श्रम पडत नाहीत, आणि श्रम न पडणे यालाच मन खरेपणाची खूण समजते. येथवर वाचून ज्यांना असे वाटले असेल की ही दुर्बलता अडाण्यांची आहे, त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेला दुसरा एक अभ्यासही ध्यानात घ्यावा. खरे उत्तर ज्यांना आधीपासून ठाऊक होते अशी माणसेसुद्धा पुनरुक्तीच्या प्रभावातून सुटली नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. तेव्हा भिंतीवरच्या वाक्याला हसणाऱ्याने आपण त्याच्यापासून सुरक्षित आहो, असे कृपा करून समजू नये. आमच्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास जाहीर प्रचाराला जी बंदी घातली आहे, तिचा अर्थ एवढाच की मतदाराच्या कानांना थोडी उसंत मिळावी.

आता आमच्या प्रस्तुत मुलखाकडे वळू. पेण आणि रोहे हे तालुके ज्या जिल्ह्यात आहेत तो १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्याने चिंतामणराव देशमुखांना काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत पाठविले. पाचच वर्षांनी, १९५७ मध्ये, त्याच कुलाब्याने काँग्रेसला नाकारून शेतकरी कामगार पक्षाचा उमेदवार निवडून दिला. मधल्या काळात महाराष्ट्रभर एक वाक्य दुमदुमत होते: "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." आमच्या राजकीय इतिहासात इतक्या वेळा, इतक्या तोंडांनी आणि इतक्या एकमुखाने उच्चारले गेलेले दुसरे वाक्य नाही. आचार्य अत्र्यांनी १९५६ च्या नोव्हेंबरात 'मराठा' दैनिक काढून ते रोज छापले; अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर या शाहिरांनी ते डफावर नेले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली आणि १ मे १९६० रोजी राज्य अस्तित्वात आले.

हा विजय पुनरुक्तीचा होता काय? होता, पण केवळ तिचा नव्हता. त्या वाक्याची रचना पाहा. त्यात मागणी कोणती आहे ते आहे, तिच्यातील तडजोड न होणारी अट कोणती तेही आहे, आणि ती पुरी झाली की नाही हे लहान मुलालाही सांगता येईल. आणि दुसरे म्हणजे, ते वाक्य उच्चारणाऱ्यांनी त्याचे मोल दिले होते. शंभरांहून अधिक माणसांनी त्यासाठी प्राण दिले, हजारोंनी तुरुंग पाहिला. घोषणा म्हणणारा आणि घोषणेची किंमत मोजणारा हे दोघे तेथे एकच होते. म्हणून ती पुन्हा पुन्हा ऐकूनही शिळी झाली नाही.

परंतु याच गोष्टीचा उत्तरार्ध आमचे मित्र सांगावयास विसरतात. राज्य मिळाले आणि दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. कुलाब्यानेही लोकसभेसाठी पुन्हा काँग्रेसचाच उमेदवार निवडला. ज्या समितीने ते वाक्य गाजविले तिचे घटक पक्ष एव्हाना पांगले होते; झालाच पाहिजे ते झाल्यावर पुढचे वाक्य कोणते, याचे सर्वांना मान्य होईल असे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. घोषणेने एक लढाई जिंकता येते, संसार चालविता येत नाही. हा धडा जिंकणाऱ्यांनी नेहमी उशिरा शिकलेला आहे.

पेण आणि रोहे या दोन गावांच्या नावांशी दोन मोठ्या पुरुषांचे नाते जडलेले आहे, आणि आमच्या विषयावर त्या दोघांच्या चरित्रांहून मार्मिक भाष्य दुसरे कोणते असणार? विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. १९५१ मध्ये पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाल्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते देशभर पायी फिरले आणि गावोगाव एकच गोष्ट मागत राहिले: आपल्या जमिनीचा सहावा भाग भूमिहीनांसाठी द्या. मागणी तीच, शब्द जवळजवळ तेच. पण ती कर्ण्यातून आली नाही, पायांनी चालत आली. म्हणून चाळीस लाख एकरांच्या घरात जमीन दानपत्रांवर उतरली. तथापि तिच्यातील फार मोठा भाग पडीक निघाला किंवा वाटला गेलाच नाही. विनोबांचा शब्द खरा होता, देणाऱ्यांपैकी अनेकांचा उमाळाही खरा होता. उणीव राहिली ती दिलेल्या शब्दाची मोजणी करणाऱ्या व्यवस्थेची. प्रामाणिक पुनरुक्तीसुद्धा मोजणीवाचून वाऱ्यावर जाते, हे त्या महान प्रयोगाचे कटू तात्पर्य आहे.

दुसरे चिंतामणराव देशमुख. त्यांचे बालपण रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय मान्य नाही म्हणून १९५६ च्या जुलैत त्यांनी मंत्रिपद सोडले. चिंतामणराव घोषणा देणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी लोकसभेत आपले कारण सांगितले आणि ते खुर्चीवरून उठले. एका माणसाने एकदाच सांगितलेले ते कारण महाराष्ट्राच्या ध्यानात आज सात दशकांनंतरही आहे. एका वाक्याला स्मरणात राहण्यासाठी शंभर वेळा उच्चारावे लागते आणि दुसऱ्याला एकदा पुरते, हा भेद कशाने पडतो? उच्चारणाऱ्याने त्यापायी काय सोडले, यानेच पडतो. मतदाराने प्रत्येक घोषणेपुढे हीच कसोटी धरावी असे आम्ही सुचवितो. घोषणा किती वेळा कानी आली हे त्याने मोजू नये; ती देणाऱ्याने तिच्यापायी काय गमावले किंवा काय गमावण्याची तयारी ठेवली आहे, हे विचारावे.

केवळ नाव कानांत भरविण्याच्या प्रचाराची मर्यादा याच जिल्ह्याने २०१४ साली मोठ्या नाट्यमय रीतीने दाखवून दिली. रायगडच्या लोकसभा निवडणुकीत शिवसेनेचे अनंत गीते यांनी रोहे तालुक्यातील राष्ट्रवादीचे नेते सुनील तटकरे यांचा पराभव केला तो अवघ्या २,११० मतांनी. मतदानयंत्रावर मात्र सुनील तटकरे हे नाव दोनदा होते. त्याच नावाचा एक अपक्ष उमेदवार रिंगणात होता, आणि त्याला नऊ हजारांहून अधिक मते पडली. ही सारी मते चुकून पडली असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही, आणि आम्हीही सांगत नाही. परंतु एक गोष्ट उघड आहे. महिनाभर भिंतींनी आणि कर्ण्यांनी मतदाराला एक नाव पाठ करविले. नाव पाठ झाले, आणि ऐन क्षणी ते नाव दोन ओळींवर उभे राहिले. पुनरुक्ती नाव शिकविते, माणूस शिकवीत नाही. निवडणूक आयोगाने पुढल्याच वर्षी, २०१५ मध्ये, उमेदवाराचे छायाचित्र मतदानयंत्रावर छापण्याचा निर्णय केला तो अशाच नामसाधर्म्याचे घोटाळे टाळण्यासाठी. २०१९ मध्ये तटकरे यांनी त्याच गीते यांना सुमारे ३१ हजार मतांनी हरविले. छायाचित्राने चेहरा ओळखता येतो ही सुधारणाच आहे. पण चेहऱ्यामागचे काम ओळखण्याची सोय कोणत्याही यंत्रावर अद्याप झालेली नाही. ती मतदाराच्या डोक्यातच व्हावी लागते.

ती होऊ शकते, याचा पुरावाही याच मातीत आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील शेतजमिनी संपादन करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा दोन्ही बाजूंनी पुनरुक्तीचा वर्षाव झाला. एका बाजूने विकास आणि रोजगार हे शब्द रात्रंदिवस ऐकविले जात; दुसऱ्या बाजूने प्रा. एन. डी. पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव सभा घेऊन जमीन सोडू नका हे सांगत होते. एवढ्यावर गोष्ट थांबती तर ज्याचा आवाज मोठा तो जिंकता. पण २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत कागदावर मागितले. ही गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. प्रश्न विकास हवा की नको असा मोघम नव्हता. तुमची जमीन या प्रकल्पाला देण्यास तुम्ही राजी आहात काय, असा होता. बहुसंख्य शेतकऱ्यांनी नकार नोंदविला. पुढे संपादनाची मुदत टळली आणि तो बेत बारगळला. प्रकल्प बरा होता की वाईट, या वादात आज आम्ही शिरत नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, वर्षांमागून वर्षे घोषणांचा भडिमार सोसलेल्या माणसाला नेमका प्रश्न विचारला गेला त्या क्षणी तो घोषणांतून बाहेर आला आणि त्याने आपल्या सातबाऱ्याकडे पाहून उत्तर दिले. घोषणेवर उतारा म्हणून प्रतिघोषणा फारशी उपयोगी पडत नाही. उतारा असतो तो नेमक्या प्रश्नाचा.

आणि असे प्रश्न आज विचारले जात नाहीत, ही आमची खरी तक्रार आहे. पळस्पे ते इंदापूर हा मुंबई-गोवा महामार्गाचा ८४ किलोमीटरचा टप्पा पेणवरून, नागोठण्यावरून आणि कोलाडवरून जातो. त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. त्यानंतर केंद्रात आणि राज्यात सरकारे बदलली, मंत्री बदलले, ठेकेदार बदलले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. बदलले नाही ते एक वाक्य. "येत्या गणेशोत्सवापूर्वी रस्ता पूर्ण होईल" हे आश्वासन कोकणी चाकरमान्याने इतक्या वेळा ऐकले की आता त्याला ते ऋतुमानाचाच भाग वाटते. मृग लागला की पाऊस आणि श्रावण आला की आश्वासन! या एका टप्प्याला दहा वर्षे पुरली नाहीत. दरम्यान त्यावर किती पाठी मोडल्या आणि किती घरे उजाड झाली, हे त्या वाटेवरच्या गावांना विचारावे.

पाण्याची कथा याहून क्लेशदायक आहे. हेटवणे धरण पेण तालुक्यात. त्याचे पाणी नवी मुंबईच्या परिसराला पुरते. आणि त्याच तालुक्यातील वाशी-शिर्की खारेपाटातील बाया वर्षानुवर्षे उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहत आल्या. खारेपाटाला पाणी देऊ हे वाक्य किती निवडणुकांत उच्चारले गेले याची गणती त्या गावांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही सोडून दिली आहे. पुनरुक्तीचा एक विचित्र गुण येथे दिसतो. खोटे विधान पुन्हा पुन्हा ऐकले की खरे वाटू लागते. पण न पाळलेले वचन पुन्हा पुन्हा ऐकले की माणूस त्यावर विश्वास ठेवीत नाही आणि त्याचा जाबही विचारीत नाही. त्याला त्याची सवय होते. अविश्वासाहून ही सवय अधिक घातक आहे. ज्याचा विश्वास उडाला तो निदान रागावतो. ज्याला सवय झाली तो नुसता मान हलवितो आणि ओळखीच्या नावावर बोट ठेवून घरी येतो.

मग उपाय काय? प्रचार बंद करा असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हांस मान्य नाही. लोकशाहीत ज्याला मते हवीत त्याला आपले म्हणणे पुन्हा पुन्हा सांगण्याचा अधिकार आहे, आणि हा अधिकार दुर्बळांनाच अधिक हवा असतो. याच जिल्ह्यात चरी येथे १९३३ पासून कुळांनी खोतांच्या जुलमाविरुद्ध सहा वर्षे संप चालविला. नारायण नागू पाटील यांनी एकच गोष्ट गावोगाव जाऊन सांगितली नसती तर पिकाविना काढलेली ती वर्षे त्या कुटुंबांना निभावलीच नसती. पुनरुक्ती हे गरिबांचेही हत्यार आहे. फरक एवढाच की, आज ते ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला भाड्याने मिळते. तेव्हा मतदारानेही तेच हत्यार उचलावे असे आमचे म्हणणे आहे. उमेदवार शंभर वेळा एक वाक्य म्हणतो ना? मतदाराने शंभर वेळा एक प्रश्न विचारावा. गेल्या खेपेस दिलेली तारीख कोणती होती? ती का टळली? नळाला पाणी कोणत्या महिन्यात येईल, आणि न आल्यास तुम्ही काय सोडाल? प्रत्येक सभेत, प्रत्येक गावात, प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला हाच प्रश्न त्याच शब्दांत विचारला जाऊ लागला, तर तिसऱ्या सभेला उत्तर तयार करून आणण्याची त्याला गरज भासेल. आश्वासनाला प्रश्नाच्या पुनरुक्तीची गाठ पडली म्हणजेच त्याचा करार होतो.

यात आम्हां वर्तमानपत्रांचाही दोष आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुढाऱ्याचे वाक्य आम्ही मथळ्यात छापतो, दुसऱ्या दिवशी त्याचे खंडन छापताना तेच वाक्य पुन्हा छापतो, आणि तिसऱ्या दिवशी त्यावरच्या वादात तिसऱ्यांदा छापतो. खोट्याचे खंडन करताना आम्ही त्याची पुनरुक्तीच करतो. वाचकाच्या ध्यानात वाक्य राहते, खंडन गळून जाते. आश्वासन ज्या टाइपात छापले त्याच टाइपात ते टळल्याचा दिवस आम्ही किती वेळा छापला? जो नियम आम्ही मतदारास सांगतो तो प्रथम आम्हांला लागू आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी भाद्रपदात पेणची मूर्ती येते. पेणच्या कारखान्यांत एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. सगळ्या सारख्या, सगळ्या सुबक. परंतु साच्यातून निघालेली मूर्ती कोणी घरी नेत नाही. एखादा जाणता कारागीर हातात बारीक कुंचला घेऊन बसतो, तिच्या डोळ्यांची आखणी करतो, आणि तेव्हा ती मूर्ती पाहू लागते. घोषणा साच्यातून निघतात, निघोत बापड्या. त्या आपल्या दारी येतील तेव्हा त्यांना डोळे आहेत की नाहीत, एवढे पाहून मगच त्यांना घरात घ्यावे.